रेतीच्या पाटीवर सडा

काकाजी पहाटे भोंगा वाजवायचे, पण कुजबुजत.

अभयारण्यात मोठ्या आवाजाला बंदी, आणि भोंग्याशिवाय दिवस सुरू होतो हे काकाजींना मान्य नाही. म्हणून तोंडापुढे दोन्ही हातांची पन्हाळ धरून ते एकेका तंबूच्या दारात वाकायचे आणि कानात गुपित सांगावं तसं हळूच "ऊंऽऽऽ" करायचे. सगळी नोकरी भंडाऱ्याजवळ, जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीत झालेली. तिथला भोंगा, तिथली खाकी, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, सगळं सोबत घेऊन ते रिटायर झाल्यावर कच्छच्या रणाकाठी येऊन राहिले होते. शहरातून आलेली कॉलेजची मुलं, स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदाच तंबूत झोपलेली, डोळे उघडायची तर समोर खाकीतला एक म्हातारा डोळे मिटून भोंगा कुजबुजतोय. एखादी मुलगी किंचाळायची. काकाजी तिलाच दटावायचे, "आवाज नको करू बाप्पा. कोल्हा आताच ड्यूटीवरून येऊन झोपला हाय."

मी तिथे स्वयंपाकाला होते. माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, बपेऱ्याच्या अलीकडे. आठवीपर्यंत शिकले. पुढची शाळा दूर होती आणि धानाची रोवणी जवळ. लग्नानंतर नवऱ्याला या अभयारण्यात पाण्याचा टँकर चालवायचं काम मिळालं, म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. सुरुवातीला मी दिवसभर भीतच असायची. साप, विंचू, भाषा, आणि इंग्रजीत 'थँक्यू आंटी' म्हणणारी पोरं, सगळ्यांना सारखीच भ्यायची.

पहिल्याच आठवड्यात मी वरण उतरवलं आणि सवयीनं विचारलं, "काकाजी, सांबार टाकू का वरून?"

बाकीचे गोंधळले. वरणावर सांबार कशाला घालतात? पण काकाजी ताट हातात घेऊनच उठून उभे राहिले. कोथिंबिरीला सांबार म्हणणारं माणूस फक्त आमच्याकडचंच असू शकतं.

"कोनत्या गावची व तू?"

मी गाव सांगितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं, छत्री उचलली आणि सगळ्या पंगतीला सांगितलं, "आजपासून हिले कोनी आंटी म्हनाचं नाई. हे माया मुलखाची पोरगी होय."

त्या छत्रीबद्दल सांगायला हवं. पाऊस दोन-दोन वर्षं तोंड दाखवत नाही अशा मुलखात काकाजी काळी छत्री घेऊन फिरायचे, तीही कायम मिटलेली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पानी येत नाई म्हनून छत्री नाई घ्याची, हे काई कारन झालं का?" छत्रीनं ते रस्ता दाखवायचे, बिळं दाखवायचे, पोरांना रांगेत ढकलायचे. रानगाढवांचा कळप दिसला की तीच छत्री उंच करून मायेनं विचारायचे, "काहून बे, जेवले का?"

फाटकावर झडतीही तेच घ्यायचे. फॅक्टरीत आत जाताना खिसे तपासतात, ती सवय. "माचीस? बिडी? प्लास्टिकची पन्नी? अन् गाना?" मोबाईलमधलं गाणंसुद्धा फाटकावरच जमा व्हायचं. एकदा संस्थेचे साहेब शहरातून पाहणीला आले. आमचे पगार त्यांच्या सहीनं निघतात. काकाजींनी त्यांनाही हात वर करायला लावले आणि खिशातून चॉकलेटचा कागद काढून छत्रीच्या टोकावर खोचून सगळ्यांना दाखवला. साहेब हसले. मला मात्र त्या दिवशी पोळ्या लाटताना एकच धास्ती होती, की आता आपल्या सगळ्यांचाच हिशेब होतो.

काकाजींचा खरा जीव होता पाटीत.

कुंपणापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत रेतीचा एक लांब पट्टा होता. संध्याकाळी स्वयंसेवकांनी त्यावरून बाभळीची फांदी ओढायची आणि ती रेती गुळगुळीत करायची. याला काकाजी 'पाटी पुसणं' म्हणायचे. रात्रभरात जी जनावरं जातील ती पाटीवर लिहून जातील, आणि सकाळी वारा सुटायच्या आत आपण ते वाचायचं. सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांना ते हेच शिकवायचे. फळा नाही, खडू नाही. पोरं रेतीच्या काठाला उकिडवी बसायची आणि काकाजी विचारायचे, "सांगा, रात्रीले कोन आलं होतं?"

त्यांचा एक नियम होता, तोही फॅक्टरीचा. सकाळी जेवढे आत गेले तेवढे संध्याकाळी बाहेर आले पाहिजेत. "आलेला पाय पाहा, गेलेला पाय पाहा. आला अन् गेला नाई, म्हंजे तो अजून हाजिर हाय."

हा नियम मला पहिल्या महिन्यातच पटला. त्या सकाळी पाटीवर कोल्ह्याची पावलं होती, सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेलेली. काकाजींनी परतीची पावलं शोधली. नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी आदरानं म्हणाले, "बाई, तुमच्या घरी पाहुने हायेत." बाजरीच्या पिठाच्या डब्यामागे बसलेला तो कोल्हा नाकाला पीठ लावून आमच्याकडे बघत होता. मी चुलीवर चढले. कोल्हा माझ्यापेक्षा घाबरलेला. काकाजींनी दाराचा पडदा वर धरला, छत्री बगलेत मारली आणि त्याला भोंगा ऐकवला, कुजबुजत. तो गेला. मग काकाजी पाटीवर वाकून म्हणाले, "हं. आता हिशेब जुळला."

एवढ्या पाणीदार जिल्ह्यातला, तळ्याकाठी वाढलेला माणूस इथे कोरड्यात कशाला येऊन बसला, हे मी एकदाच विचारलं. आम्ही दोघं तांदूळ निवडत होतो. बाजरीच्या मुलखात त्यांना एका वेळी भात लागायचाच.

"माया गाव गोसीखुर्द धरनाच्या पान्यात हाय," ते म्हणाले. "प्लाट भेटला, घर बांधलं, तक्रार काईच नाई. पन पान्यावर पाऊल उमटत नाई व. एवढे लोक पिढ्यानपिढ्या चालले तठी, आता एकाचा पाय दिसत नाई. अठी पाहा, मुंगीचाबी हिशेब रायते."

तेवढ्यात उंटानं धुतलेल्या पंच्याला तोंड घातलं आणि काकाजी छत्री घेऊन त्याच्यामागे धावले. विषय संपला.

पण त्यांचे गुडघे संपत आले होते. रेतीत उकिडवं बसलं की उठवायला दोघे लागायचे. मुलगा जवाहरनगरहून रोज फोन करायचा, आता पुरे, घरी या. काकाजींनी साहेबांना कळवलं की येतो, पण आपल्या जागी ही पोरगी पाटी शिकवेल. साहेबांनी उलट कळवलं की शिकवणारी व्यक्ती निदान पदवीधर हवी, असा संस्थेचा नियम आहे. काकाजी म्हणाले, "नियम आपल्यालेबी आवडते. पन कोल्ह्यानं पदवी इचारली नाई."

हे सगळं माझ्यापासून लपवून चाललं होतं. मला एवढंच कळलं की एके दिवशी काकाजींचा गळा बसला. सहल येणार होती. "आज तूच घे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. मी पळून जायच्या बेतानं पहाटेच पिशवी भरली, फाटकापर्यंत गेले, रस्त्यावर टँकरची वाट पाहत उभी राहिले. मग चुलीवर दूध ठेवलंय हे आठवलं आणि परत आले. दूध उतरवेपर्यंत पोरांची गाडी आली. बघते तर काकाजी ठणठणीत आवाजात त्यांना पाटी वाचायला लावत होते.

"ही चप्पल फाटकाकडे गेली," एक मुलगी म्हणाली. "तिथे खूप वेळ उभी राहिली. मग परत आली."

"काहून परत आली असंल?"

"काहीतरी विसरलं असेल."

"हाव. आज आपल्याले शिकवाचं हाय, हेच विसरली होती." आणि त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहून भुवया अशा उडवल्या की मला राग येण्याआधी हसूच आलं. मोडक्या गुजरातीत मी त्या दिवशी सांडा सरड्याच्या शेपटीची रेघ, भुंगेऱ्याची टाचणीएवढी पावलं आणि माझी स्वतःची चप्पल, सगळं शिकवलं. पोरं जाताना टाटा करत होती आणि मी मात्र कढी करपली की काय या काळजीत.

त्यानंतर बऱ्याच सहली मी घेतल्या. साहेब तरी नियमावर ठाम होते. शेवटी काकाजींनी एक घाट घातला. जी शाळा रणापर्यंत येऊ शकत नाही, तिच्यापर्यंत रण न्यायचं. साहेब कामानिमित्त नागपूरला येणारच होते, त्यांनी एक दिवस काढून धडा बघावा. आवडला तर पोरीला जागा द्यावी, नाही तर नको. साहेब हो म्हणाले. शाळा काकाजींनीच निवडली. माझ्या गावची, माझीच.

माझी झोप उडाली. कच्छमध्ये मला कोण ओळखतं? मी मॅडम म्हटलं तर मॅडम. पण माझ्या गावात, ज्या व्हरांड्यात बसून मी पाढे विसरले, तिथे उभी राहून शिकवायचं? आणि ते फसलं तर पुन्हा चूल, तीही काकाजींशिवायची. मी म्हटलं, "काकाजी, दुसरी कोनती शाळा पाहा ना." ते म्हणाले, "दुसऱ्या शाळेत तुले कोन वळखते?"

रेल्वेत त्यांच्या मांडीवर एक बरणी होती. आत रणातली रेती.

"एवढीशी कशाला?"

"इरजन हाय. नदीच्या रेतीत मिसळलं की रातभरात रण लागते."

गावात पोचलो त्या दुपारी पोरांनी नदीवरून बैलबंडीभर रेती आणली, शाळेच्या व्हरांड्यापुढे अंगणभर पसरली. काकाजींनी चमच्यानं विरजण लावलं. संध्याकाळी आम्ही तुरीच्या काड्यांच्या खराट्यानं पाटी पुसली. अशी गुळगुळीत झाली की हेडमास्तरांनाही व्हरांड्यातून उतरवेना, ते मागच्या दारानं घरी गेले. मी माझ्या मायजवळ झोपले. माय त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. ती रात्रभर कूस बदलत होती.

"मा, झोप ना व."

"झोपतो. सकारी साहेब किती वाजता येतेत?"

सकाळी मी शाळेत गेले आणि फाटकातच थांबले.

अख्ख्या पाटीवर सडा. शेणाचा, दाट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्यावर रांगोळी, आणि रांगोळीतून लक्ष्मीची पावलं, फाटकापासून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत एकापुढे एक. रात्री कोण आलं, कोण गेलं, सगळं शेणाखाली.

"कोनं केलं हे?" हेडमास्तर डोक्याला हात लावून उभे होते. "मॅडमच्या रेतीचा सत्यानाश केला ना."

कोणी केलं हे मला विचारावं लागलं नाही. मुलगी मॅडम होऊन येते, साहेब बघायला येतात, आणि अंगण कोरडं ठेवायचं? आमच्याकडे पाहुणा दारात यायच्या आत सडा पडतो. तिनं सगळ्यात चांगलं जे येतं ते केलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. माय कुठेच नव्हती.

तेवढ्यात साहेबांची गाडी लागली. पोरं मागच्या दारानं येऊन व्हरांड्यात बसली. काकाजी खुर्चीवर, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती शोधली. हा माणूस आनंदानं थरथरत होता.

"काकाजी, आता काय शिकवू?"

"पाटी ओली हाय," ते म्हणाले, कुजबुजत. "वाच."

मी वाकले. आणि माझ्या लक्षात आलं. कोरड्या रेतीत पावलाची कड ढासळते. ओल्या सड्यात ढासळत नाही. सडा पडल्यापासून या अंगणात जे जे आलं होतं ते असं उमटलं होतं की रणात कधी पाहिलं नाही.

"बरं," मी म्हटलं. मी पदर सारखा केला. "सांगा, सकाळपासून कोण आलं होतं?"

पोट्टे आधी लाजले. मग एक सुरू झालं आणि मग कुणी थांबेना.

"कोंबडी."

"कोंबडी नाई, कोंबडा. पाय मोठा हाय."

"मॅडम, हे बकरी पाटलाची. इचा एक खूर फाटला हाय."

"हे बूट पाहा, मॅडम. रांगोळीपाशी थांबले, दोन्ही जवळ जवळ आले, अन् मंग एकदम तिकडे. हे उडले."

सगळे साहेबांच्या बुटांकडे बघायला लागले. साहेब लाल झाले. "रांगोळीवर पाय कसा द्यायचा," ते म्हणाले, "म्हणून मी... हो, उडी मारली."

"अन् हा जनावर कोनता?" मागच्या रांगेतला एकजण उभा राहिला. "दोन पाय मानसाचे अन् तिसरा गोल, बारीक. तीन पायाचा हाय, मॅडम. अन् तो रांगोळीतूनच गेला."

काकाजींनी खुर्चीतून छत्री वर केली. व्हरांडा हसून लोळला. हेडमास्तरसुद्धा.

"आता हे पाहा," मी म्हटलं. मला आता चेव आला होता. "ही पांढरी पावलं कोणाची?"

"लक्ष्मीची."

"वजन किती?"

पोरं वाकली. एका पोरीनं बोट लावलं. "वजनच नाई. दबलं नाई काई."

"अन् गेली कुठे?"

"शाळेत गेली. येताचे पाय हायेत, जाताचे नाई."

"मग?"

"मंग हाजिर हाय," काकाजी मागून म्हणाले. त्यांना राहवलंच नाही.

"मॅडम, अजून एक हाय," तीच पोरगी म्हणाली. ती अंगणाच्या कडेला पोचली होती. "हे बाईचे पाय. चप्पल नाई. टाचेले भेगा हायेत. रांगोळीच्या भवताल फिरली, मंग हेडमास्तर सरच्या चपलेपाशी थांबली, अन् मंग पळत त्या खिचडीच्या खोलीमागे गेली."

"पळत कशावरून?"

"बोटं खुपसली हायेत. अन् मॅडम, हेबी आले, गेले नाई."

तो पाय मी दुरूनच ओळखला होता. डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली, बैलानं तुडवली तेव्हापासून. साहेब बघत होते. मला वाटलं, म्हणावं की वारा आला, पाटी पुसली गेली, धडा संपला. पण पोरं माझ्याकडे बघत थांबली होती आणि नियम नुकताच सांगून झाला होता.

"मग शोधा की," मी म्हटलं.

पोरं पळाली. खिचडीच्या खोलीमागे माय रिकामी बादली मांडीवर घेऊन बसली होती. पोरांनी तिला हाताला धरून आणलं, वरातीसारखं.

"मले काय मालूम व, रेती कोरडीच पायजे होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "सायेब, पोरीचा दोष नाई. मी पाहुन्याचं आंगन सारवलं. तिले नापास नका करू."

साहेब उठले. त्यांनी पायातले बूट काढले, का ते मला आजही कळलेलं नाही, आणि म्हणाले, "आई, एवढी चांगली पाटी मी कुठेच पाहिली नाही." मग काकाजींकडे बघून, "नियमाचं मी बघतो. सहली ह्याच घेतील."

काकाजींनी खिशातून रिकामी बरणी काढली आणि मायपुढे धरली. "बाई, यात थोडा सडा द्या. रनात नेतो. इरजन."

तिनं दिला. परतीच्या डब्यात त्या वासापायी आमच्या बाकावर कोणी बसलं नाही. पाय पसरून आलो.

त्या वर्षाच्या शेवटी काकाजी गेले, म्हणजे घरी, जवाहरनगरला. मुलगा न्यायला आला होता, फाटकाबाहेरच उतरला होता. आदल्या संध्याकाळी मी पाटी पुसली. मुलाला गाडी गाठायची होती, म्हणून ते अंधारातच निघणार होते. निरोप द्यायला उठायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी उठले नाही. भोंगा तेवढा ऐकला, माझ्या दाराशी, खूप हळू.

सकाळी सहल आली. पोरं पाटीच्या काठाला बसली आणि मी विचारलं, "सांगा, रात्री कोण आलं होतं?"

"एक माणूस आला," एक मुलगा म्हणाला. "फाटकाकडून तंबूकडे. सोबत तिसरा पाय, गोल."

"परत गेला?"

सगळ्यांनी शोधलं. "नाही. नुसता आलाय."

मी खाली वाकले. पावलांची बोटं तंबूकडे होती खरी. पण चवडा खोल होता, टाच हलकी, आणि प्रत्येक पावलाची रेती उलट्या बाजूला उडालेली. तसले गुडघे घेऊन तो माणूस तंबूपासून फाटकापर्यंत सगळी पाटी उलटा चालत गेला होता, छत्री टेकत टेकत.

पोरं माझ्याकडे बघत थांबली होती.

"बरोबर," मी म्हटलं. "आला आहे, गेला नाही. हाजिर."